डाव्या बाजूची गिटार

संपादकबाईंनी कागद टेबलावर ठेवला तेव्हा तो एका कानाने ड्रम ऐकत होता. उजव्या कानावर हेडफोनची एक वाटी, दुसरी डाव्या कानामागे सरकवलेली, ही त्याची ऑफिसातली नेहमीची बैठक. एक कान कामाला आणि एक कान माणसांना, असं तो सांगायचा. आठ वर्षांत ते इतक्या वेळा सांगून झालं होतं की आता कोणी हसतही नसे. कागद डावीकडून आला. आधी कागद दिसला, मग अंगठी घातलेलं बोट, मग बाई. तो दचकला, आणि दचकल्याचं लपवायला त्याने उगाच पेन उचललं.

“तीन हाका मारल्या,” बाई म्हणाल्या. “सगळे कानसेन म्हणतात तुम्हाला, आणि हाकेला ओ नाही.”

“ऐकत होतो.”

“ते दिसतंच आहे. हे वाचा. पाच वाजेपर्यंत दुरुस्तीच्या दोन ओळी द्या, उद्याच्या पानात जायला हव्यात.”

कागदावर चार वाक्यं होती. ‘तुमचं परीक्षण वाचलं. त्या कार्यक्रमात वडिलांच्या जागी मी वाजवलं, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. माझं वाजवणं आवडलं नसेल तर तसं लिहायचं होतं, मला चाललं असतं. मी तिथे नव्हतेच असं कृपया लिहू नका.’

परीक्षण रविवारी छापून आलं होतं. बँड चौघांचा, जुना. त्यातले दोन गिटारवाले पंचवीस वर्षं स्टेजवर ठरलेल्या जागी उभे राहत आले होते, आणि रेकॉर्डिंगमध्येही त्यांना त्याच जागा मिळत: एकाची गिटार फक्त डाव्या कानात, दुसऱ्याची फक्त उजव्या. चाहते त्यांना डावा आणि उजवा म्हणत. मुखपृष्ठावर खरी नावं वाचली की लोकांना ती परक्यांची वाटत. डावा गेल्या वर्षी वारला. त्यानंतर सहा महिन्यांनी बँडने एका बंद पडलेल्या बस डेपोत कार्यक्रम केला, त्याचं हे लाइव्ह रेकॉर्डिंग. बाजारात ते कालच आलं. परीक्षणासाठी त्याच्याकडे आधी पोचलं ते नुसती लिंक म्हणून, सात दिवसांत बंद होणारी. मुखपृष्ठ नाही, वादकांची यादी नाही. ते बरंच, असं त्याचं मत होतं. यादी वाचली की माणूस यादीच ऐकतो. घरी आपल्या एका खोलीत, भिंतीकडे तोंड करून, दोन्ही कानांवर हेडफोन चढवून त्याने ते सलग तीनदा ऐकलं होतं. उजवीकडे उजवा वाजवत होता. डावीकडे काही नव्हतं. पहिल्यांदा त्याला वाटलं, आत्ता कोणीतरी येईल. दुसऱ्यांदा ऐकताना त्याला कळलं की कोणी येणार नाही, आणि तिसऱ्यांदा त्याने लिहायला घेतलं: ‘त्यांनी त्याची जागा भरली नाही. चाळीस मिनिटं ते एका रिकाम्या जागेशेजारी वाजवत राहतात, आणि आपणही तिच्या शेजारी बसून राहतो.’ वाक्य जमलंय हे त्याला लिहितानाच कळलं होतं. पाच-सहाशे परीक्षणं लिहून झाली होती, रॉकची, इलेक्ट्रॉनिकची, जुन्या गाण्यांच्या संग्रहांची; कोणा अनोळखी माणसाने पत्र पाठवलं असं कधी झालं नव्हतं. या वेळी अठरा आली. एकाने लिहिलं होतं की ते वाक्य त्याने बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. अठरांपैकी एकानेही रेकॉर्डिंग ऐकलेलं नव्हतं, ते अजून आलंच नव्हतं. ही गोष्ट आत्ता, पत्र हातात असताना, त्याच्या पहिल्यांदा लक्षात आली.

“पण डावीकडे गिटार नाहीये,” तो म्हणाला. “मी तीनदा ऐकलंय.”

“मी एकदाच. आत्ता, मोबाइलवर, जेवता जेवता. दोन गिटारी आहेत.”

“मोबाइलवर तुम्हाला...”

“मला कोणतं वाद्य कुठलं ते कळत नाही, बोला की. नाहीच कळत. म्हणून तर तुम्हाला ठेवलंय. पण एक आणि दोन यांतला फरक कळतो मला.”

“माझ्याकडे आलेली प्रत सदोष असेल.”

“असेल. तर तसं लिहा. फक्त जे लिहाल ते खरं असू दे. पोरगी एकोणीस वर्षांची आहे हो. पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिली, तीही बापाच्या जागी.”

बाई गेल्या. त्याने दोन ओळी लगेच लिहून टाकल्या: परीक्षणासाठी आलेली प्रत सदोष असल्याने डाव्या बाजूची गिटार ऐकू आली नाही, दिलगीर आहोत. मोजून दोन ओळी. मग केवळ रीत म्हणून त्याने बाजारात आलेलं रेकॉर्डिंग उघडलं आणि हेडफोन दोन्ही कानांवर नीट बसवला. डेपोतल्या गर्दीचा गलका आला, कोणीतरी शिट्टी घातली, ड्रमवाल्याने चार मोजले, उजवा सुरू झाला. डावीकडे काही नव्हतं. पडद्यावर आवाजाची पातळी दाखवणारे दोन हिरवे पट्टे होते, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. दोन्ही नाचत होते. डावा तर जरा जास्तच. त्याने आवाज वाढवला. डावा पट्टा लाल टोकाला जाऊन आपटला आणि तरी त्याच्या डाव्या कानाशी कोणी दार लोटल्यासारखी हलकीशी धडधड, एवढंच. म्हणजे प्रत सदोष नव्हती. ही नव्हती, आणि बहुतेक तीही नव्हती. दोन शक्यता उरल्या: हेडफोन, नाहीतर तो.

कॉलेजात तो पदार्थविज्ञान शिकला होता, बेताच्या गुणांनी. प्रयोगशाळेतल्या सरांचा एक डोळा बारीक होता आणि खिशात सतत खडू. एकदा त्याच्या तराजूवर एकाच वजनाची दोन उत्तरं येत होती, तर तो अर्धा तास काट्याकडे बघत बसला. सर मागून म्हणाले, “तराजूला नजर लागेल बाळ. संशय आला तर बघत बसायचं नाही, पारड्यांतल्या वस्तूंची अदलाबदल करायची. चूक वस्तूबरोबर दुसरीकडे गेली तर वस्तूची, जागेवरच राहिली तर तराजूची.” दहा सेकंदांचं काम. इथेही तेवढंच होतं: हेडफोन उलटा घालायचा, डावी वाटी उजव्या कानावर. गिटार तिथेही आली नाही तर वाटी बिघडलेली, दुकानात टाकायची, उद्या परत. आली तर. त्याने हेडफोन काढला, वाट्यांवरची धूळ बाहीने पुसली, वायर सरळ केली, आणि तो उठून जिना उतरून खाली गेला.

दुपार उतरत आली होती. रस्त्यावर माणसं नेहमीसारखी चालत होती आणि तो नेहमीसारखा फुटपाथच्या डाव्या कडेने, भिंतीला धरून चालला. भिंत डावीकडे. हे केव्हापासून? त्याला आठवेना. पूर्वी तो रस्त्याच्या कडेने चालायचा, गाड्या बघत. एका गल्लीच्या तोंडाशी भिंत संपली तिथे डावीकडून एक सायकलवाला अगदी अंगावरून गेला आणि त्याला उमगलं की घंटी वाजली असणार, सायकलवाला वळून काहीतरी पुटपुटलाही. गेल्या हिवाळ्यात त्याला सर्दी झाली होती. डावा कान दडला, दोन दिवस त्यात बारीक शिट्टी वाजत राहिली, मग शिट्टी थांबली. शिट्टी थांबली म्हणजे कान सुटला, असं त्याने गृहीत धरलं. गृहीत धरलेलं तपासायचं असतं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं असं नाही. पण सगळं जग थोडं थोडं करत एका बाजूला सरकलं की भिंतीवरच्या तिरक्या तसबिरीसारखं ते सरळच वाटू लागतं. आणि पुरावे तर त्याने स्वतःच छापून ठेवले होते. मार्चमध्ये, जुन्या गाण्यांच्या नव्याने साफ केलेल्या संग्रहावर: ‘हल्लीच्या तंत्रज्ञांना रुंदी कळत नाही.’ एप्रिलमध्ये, एका इलेक्ट्रॉनिक अल्बमवर, ज्यात एकच सूर या कानातून त्या कानात झोके घेतो: ‘झोका अर्ध्यावर जाऊन थांबतो, परत येतो तो त्याच बाजूने.’ जूनमध्ये पुन्हा सपाटपणा, पुन्हा अरुंदपणा. वाचकांना ते आवडलं होतं. जुनं ते रुंद होतं, हे ऐकायला लोक नेहमी तयार असतात.

डावी बाजू तशी ताईची होती. मामाने टाकून द्यायला काढलेला स्टिरिओ त्यांच्या घरी आला तेव्हा तो सात वर्षांचा, ताई तेरा. खोलीच्या दोन टोकांना दोन स्पीकर. फरशीवर पालथं पडून तिने डाव्या स्पीकरला कान लावायचा, त्याने उजव्या, आणि गाणं संपलं की हिशेब व्हायचा. “तुझ्याकडे काय आलं?” ताई विचारायची. “ड्रम. आणि एक माणूस हसला.” “माझ्याकडे पियानो, आणि एक बाई नुसतीच आ आ करते.” “खोटं.” “ये मग, ऐक.” तो उठून जायचा तोवर बाई संपलेली असायची. कित्येक वर्षं त्याला गाणी अर्धीच माहीत होती आणि उरलेली अर्धी ताईच्या तोंडून. मग ताईचं लग्न झालं, ती दूर गेली, आणि ती गेली त्याच संध्याकाळी तो पहिल्यांदा खोलीच्या मधोमध उताणा पडला. दोन्ही बाजू त्याच्या एकट्याच्या झाल्या. पियानो होता, बाईही खरंच होती. नीट ऐकायचं तर माणसाने एकटं असावं, हे त्याने त्या दिवशी ठरवलं आणि पुढे ते बदलायची वेळच आली नाही. ताईचा आठवड्याला फोन येतो. तो फोन उजव्या कानाला लावतो. तेही केव्हापासून, आठवेना.

चौकापर्यंत जाऊन तो परतला. चार वाजत आले होते. खुर्चीवर बसून त्याने हेडफोन उलटा करून घातला. उलटा घातला की वाट्या कानांवर बसत नाहीत, टोचतात. दुसऱ्याचे बूट घातल्यासारखं वाटतं. गलका आला, शिट्टी आली, चार मोजले गेले.

ती पहिल्या ठोक्यालाच होती. तिला शोधावं लागलं नाही. बापासारखी वाजवत नव्हती. डावा नेहमी ठोक्याच्या किंचित पुढे असायचा, घाई असल्यासारखा. ही केसभर मागे, आधी बाकीच्यांना जाऊ देणारी. दुसऱ्या गाण्यात तिने आवाज इतका खाली ठेवला की तारेवरून सरकणारी बोटं ऐकू येत होती, ओल्या काचेवरून कापड फिरावं तशी. चौथ्या गाण्यात ती चुकली. भलतीच तार लागली, स्पष्ट, सगळ्या डेपोला ऐकू जाईल अशी. गर्दीतून कोणीतरी ओरडलं. तिने पुढच्या फेरीला तीच भलती तार मुद्दाम छेडली, आणि तिसऱ्या फेरीला पुन्हा, आणि चौथ्या फेरीला अख्खा बँड त्या चुकीला सामावून घेत वळला. चाळीस मिनिटांतली सगळ्यात धीट गोष्ट ती होती. रिकाम्या जागेबद्दल त्याने लिहिलं होतं त्यातलं काहीएक धीट नव्हतं. तिथे जागा रिकामी नव्हतीच. आणि हे सगळं ऐकत असताना उजवा मात्र नाहीसा झाला होता. पंचवीस वर्षांचा उजवा, ज्याच्या बोटांची त्याला घरच्या माणसासारखी सवय होती, तो आता डाव्या कानाकडे गेला होता आणि तिथे गेलेलं परत येत नव्हतं. चूक जागेवरच राहिली होती. तराजूचीच.

त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. डाव्या कानाकडे जे जातं ते नाहीसं होतं, हे एवढं साधं विधान होतं, आणि विधान खरं असेल तर ते फक्त गिटारींना लागू होणार नाही. तो सावकाश डावीकडे वळला.

तिथे पेपरची पानं लावणारी बसत होती. तिचं टेबल पूर्वी समोर असायचं. उन्हाळ्याआधी ऑफिसातली टेबलं हलवली तेव्हा ती त्याच्या डाव्या हाताला आली, हातभर अंतरावर, आणि तेव्हापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. समोर होती तोवर दोघांचं बरं चालायचं. त्याचा मजकूर लांबला की ती म्हणायची, “कानसेन, या बँडला पान हवंय की पुरवणी?” आणि तो म्हणायचा, “तुमची जाहिरात कापा.” मग एकाएकी सगळं बंद. त्याने आपला गुन्हा शोधला होता. एकदा तिच्या मथळ्याला तो बटबटीत म्हणाला होता, ते असावं. की वाढदिवसाच्या कार्डावर सही राहिली, ते? एका बटबटीतवरून माणूस सहा महिने अबोला धरतो याचं त्याला वाईट वाटलं होतं, आणि नंतर थोडं बरंही, कारण कामात व्यत्यय येत नव्हता.

“एक विचारू?” तो म्हणाला. खुर्ची त्याने पूर्ण फिरवली होती.

तिने आधी त्याच्या मांडीवरच्या हेडफोनकडे पाहिलं. “विचारा.”

“माझ्याशी बोलणं का सोडलंत?”

“मी सोडलं?” ती हसली, पण हसू तोंडावर टिकलं नाही. “इथे आले तेव्हा महिनाभर बोलत होते मी. सकाळी काय, जेवताना काय. वाटायचं कामात आहेत. एक कान माणसांना, म्हणायचात ना? म्हटलं, आपण माणसांत धरले जात नसू.”

“मला ऐकू आलं नाही.”

“एकदा तर आलं होतं. मान डोलावलीत.”

“कशावर?”

तिने पडद्यावरची एक चौकट उगाच थोडी उजवीकडे नेली, परत आणली. “आई गेली तेव्हा मी आठवडाभर नव्हते. आल्यावर सगळ्यांनी विचारलं, तुम्ही नाही. म्हटलं माहीत नसेल, सांगावं. सांगितलं. ‘आई गेली माझी’ म्हटलं. तुम्ही समोर बघून मान डोलावत राहिलात. चांगली डोलावलीत, तालात.”

त्याला तो दिवस आठवेना. खरंच आठवेना, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. त्या दिवशी त्याच्या बाजूला काही घडलंच नव्हतं. कुठला अल्बम होता ते कदाचित शोधता आलं असतं. तारीख विचारली असती तर.

“माझा डावा कान गेलाय,” तो म्हणाला.

“कधी?”

“हिवाळ्यात असावा. कळलं आत्ता, पाऊण तासापूर्वी.”

“डॉक्टरांनी सांगितलं?”

“नाही. हेडफोन उलटा घातला.”

ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, थट्टा चालली आहे का हे तपासत. मग म्हणाली, “बरं,” आणि हा बरं कसला होता ते त्याला कळलं नाही. “दुरुस्ती द्या तुमची. पान अडलंय.”

सदोष प्रतीच्या दोन ओळी पडद्यावर तयार होत्या. पाठवायला एक बटण पुरलं असतं. मुलीला तिची गिटार मिळाली असती, बाईंना त्यांची दोन ओळींची जागा, त्याला पुढचा अल्बम. त्याने त्या पुसल्या. नवीन लिहायला त्याला दहा मिनिटं लागली, कारण पहिल्या तीन वेळा वाक्य चांगलं होत होतं आणि चांगलं झालं की त्याला त्याचा संशय यायचा. शेवटी असं उरलं: ‘रविवारच्या परीक्षणात डाव्या बाजूला गिटार नसल्याचं म्हटलं होतं. ती आहे, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, आणि ती दिवंगत वादकाच्या मुलीने वाजवली आहे. परीक्षकाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. परीक्षण लिहिताना हे त्याला माहीत नव्हतं.’

तिने ते आपल्या पडद्यावर वाचलं. मग खुर्ची ढकलत ती त्याच्या उजव्या बाजूला आली आणि हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं, म्हणाली, “हे छापायचं? उद्यापासून रेकॉर्डिंग कोण पाठवेल तुम्हाला?”

“बघू.”

“बाईंनी दोन ओळी म्हटल्या होत्या. या पाच होतायत.”

“कापा मग.”

ती परत जागेवर गेली. त्याने पाहिलं, तिने ओळी कापल्या नाहीत. वरचा स्वतःचा मथळा लहान केला. संपादकबाई आल्या, उभ्याने वाचलं, त्याच्याकडे एकदा पाहिलं, सही केली आणि जाताना, बहुधा न ठरवता, त्याच्या खांद्यावर बोट टेकवून गेल्या. पान गेलं. दुरुस्तीला जागा होती म्हणून ते तरी झालं. आईच्या त्या वाक्याला कुठल्या पानावर जागा काढायची, आणि तिथे लिहायचं काय, हे त्याला सुचलं नाही. ‘वाईट वाटलं’ हे शब्द त्याने दोनदा तोंडापर्यंत आणले आणि दोन्ही वेळा ते परीक्षणातल्यासारखे वाटले म्हणून गिळले.

सहा वाजता माणसं उठू लागली. तो पडद्याकडे बघत बसला होता. दोन हिरवे पट्टे अजून तिथे होते, काही वाजत नसल्याने आडवे पडलेले. डोळ्याच्या कडेला तिने बॅग उचललेली दिसली. तिचे ओठ हलले. त्याची मान आपोआप खाली गेली, हो म्हणायला, आणि अर्ध्या वाटेवर त्याने ती अडवली. ती दारापर्यंत पोचली होती.

“काय म्हणालात?” त्याने विचारलं. आवाज जरा मोठाच निघाला.

ती थांबली. दाराशी उभं राहून ती तिथूनच सांगू शकली असती, किंवा काही नाही म्हणून निघून गेली असती. ती सगळी टेबलं ओलांडून परत आली, त्याच्या खुर्चीमागून वळसा घालून उजवीकडे उभी राहिली.

“खिडकी लावून घ्या जाताना, म्हटलं. काल उघडी राहिली होती.”

“लावतो.”

“एवढंच म्हटलं होतं.”

“हो.”

ती गेली. जिन्यावरची पावलं त्याने शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली, एका कानाने. मग उठून तो खिडकीशी गेला. खाली रस्ता भरून वाहत होता, आणि त्याने डोकं थोडं डावीकडे वळवलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, अर्धा अर्धा करून सगळा रस्ता ऐकला, आणि खिडकी लावली.